हिरवा कडू वास

ग्लास नाकाशी नेला तो निव्वळ सवयीनं. हाताला काहीही आलं की आधी नाकाशी न्यायचं, ही भरमा चौगुल्यांची चाळीस वर्षांची सवय. नाक गेलं, सवय तेवढी मागं राहिली होती. तीन वर्षं ते असेच चहाचा कप, धुतलेला सदरा, देवळातलं फूल, काहीही नाकाशी न्यायचे, क्षणभर थांबायचे आणि परत खाली ठेवायचे. तसाच हा उंच, थंडगार ग्लासही वर गेला. बेळगावात, हिंदवाडीतल्या लेकीच्या फ्लॅटमध्ये, माघातल्या एका रविवारी भर दुपारी, जावयानं जर्मनीहून आणलेल्या बीअरचा. आणि आत कुठंतरी, दोन भुवयांच्या मागं, काहीतरी हललं. वास म्हणावा इतकंही ते नव्हतं. बंद दाराबाहेर कुणी येऊन उभं राहावं, कडीही वाजवू नये, तरी आतल्या माणसाला ते कळावं, तसं काहीसं. हिरवं, कडू. मग लगेच काही नाही. भरमांनी ग्लास टेबलावर ठेवला. 

"काय झालं मामा? आवडली न्हाई काय?" समोरून सौरवनं, त्यांच्या जावयानं, विचारलं.

"पितो की. दम धरा जरा," ते म्हणाले. आवाज आपलाच आहे का, अशी शंका त्यांना आली.

सौरव उद्यमबागेतल्या एका कारखान्यात होता. कारखान्यानं त्याला सहा आठवडे जर्मनीला शिकायला धाडलं होतं आणि येताना त्यानं दोन बाटल्या लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून आणल्या होत्या. मुंबईहून बसनं येताना कर्नाटकच्या सीमेवर, कोगनोळीच्या नाक्यावर बस तपासणीला थांबली तेव्हा पिशवी पोटाशी धरून, पावती खिशातून काढून तो कसा बसला होता, हे त्यानं सकाळपासून दोनदा सांगितलं होतं. कुणी बघितलंच नाही, याचं त्याला थोडं वाईटही वाटत होतं. मामांबरोबरच फोडायची, असं त्यानं तिकडूनच ठरवलेलं. सासऱ्यापुढं जावयानं बाटली ठेवायची, हे भरमांच्या पिढीत घडलं असतं तर पाव्हण्यात वर्षभर चर्चा झाली असती. आणि माधवीनं, त्यांच्या लेकीनं, टेबलावर दोन नव्हे तीन ग्लास आणून ठेवले, तेव्हा त्यांनी तिसऱ्या ग्लासाकडं बघितलं, मग तिच्याकडं. ती हनुवटी वर करून उभी होती. लहानपणी चिंचा चोरून आणल्यावर उभी राहायची, तशीच. त्यांना राग आला नाही. ह्या तीन वर्षांत राग यायचाच बंद झाला होता. राग, हौस, भूक, सगळंच एका काचेपलीकडं गेलं होतं. बाकीचे काचेच्या त्या बाजूला जेवत, हसत, नाकाला पदर लावत. आणि ते ह्या बाजूनं बघत.

"तिथं ही वतायला सात मिनिटं घेतात मामा," असं सांगत सौरवनं ग्लास तिरका धरून थोडी ओतली, फेस बसू दिला, पुन्हा ओतली, पुन्हा थांबला. घाई केली की वास उडून जातो, असं त्याला तिथल्या एका म्हाताऱ्या फोरमननं शिकवलं होतं. "वतायला सात मिंटं?" स्वयंपाकघराच्या दारातून मनुबाई, भरमांची बायको, म्हणाली होती, "तेवढ्यात माझ्या चार भाकरी व्हत्यात की. आन् मी कायबी बघितल्यालं न्हाय बरं का." आणि ती आत गेली होती. भरमांना मात्र तो जावई पहिल्यांदाच नीट दिसला होता. फेस बसेपर्यंत थांबणारा. थांबता येणारी माणसं त्यांना आवडत. तंबाखूही घाई सोसत नाही.

आता त्यांनी ग्लास पुन्हा उचलला. हुंगायची भीती वाटली, म्हणून सरळ घोट घेतला. थंड, टोचरं, जिभेच्या मुळाशी कडू. कडू कळण्यात नवल नव्हतं. खारट, गोड, आंबट, कडू एवढं जिभेला अजून कळत होतंच. पण घोट खाली गेला आणि मागं, घशाच्या वरच्या अंगाला, ते पुन्हा आलं. ह्या वेळी दारात थांबलं नाही, आत आलं. ओलं गवत. नुकतंच खुडलेलं पान. अक्कोळच्या शेतात तंबाखूचे शेंडे खुडायला ते आठ-नऊ वर्षांचे असताना जायचे; दुपारी बांधावर बसून भाकरी खायची तर बोटांना चिकटलेल्या चिकाची कडू चव आधी लागायची. हात माती लावून घासले तरी जायची नाही. आई म्हणायची, "कडू खा, मग पुढं सगळं ग्वाड लागतंय." त्या बांधाची, त्या बोटांची, त्या उन्हाची आठवण त्यांना ह्या तीन वर्षांत अनेकदा झाली होती, पण बिनवासाची, आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखी. आता कुणीतरी आवाज सोडला होता. अगदी बारीक, पण सोडला होता. त्यांनी डोळे मिटले. हे खरंच येतंय की मीच आठवतोय, मनाचाच खेळ हाय काय, हे कुणाला विचारायचं? मनाचा खेळ त्यांनी आधीही सोसला होता. एकदा चांगल्या दिवसाउजेडी, घरात काही तापलेलं नसताना तुपाचा वास आला म्हणून ते उठून चुलीपाशी गेले होते, आणि तिथं कोरं पातेलं होतं.

निपाणीत धनपालअण्णांच्या तंबाखूच्या वखारीत त्यांना कुणी भरमा म्हणत नसे, 'नाक' म्हणत. नाक आलं काय, नाकाला इचारा. मूठभर तंबाखू तळहातावर घ्यायची, अंगठ्यानं चुरायची, तोंडाची गरम वाफ तिच्यावर सोडायची आणि हुंगायची. मग डोळे मिटूनच सांगायचं: हे अक्कोळचं, काळ्या रानातलं, एक पाणी जास्त झालंय. हे गळतग्याचं, वाळवताना दव पडलंय. अण्णा गादीवर बसून नुसते मान हलवत. अण्णा जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारे, कांदा-लसूण न खाणारे. भरमांनीही नाकासाठी कच्चा कांदा, दारू, विडी ह्यातलं काही आयुष्यभर जवळ केलं नव्हतं; आता जपायला नाकच नव्हतं, म्हणून तर जावयाच्या ग्लासाला त्यांनी नाही म्हटलं नाही. अण्णा थट्टा करत, "भरमा, तू माझ्याहून चांगला जैन हाईस रं." मग तीन वर्षांपूर्वीच्या पौषात तवंदीच्या घाटात, ट्रॉलीतून सांडलेल्या उसावर त्यांची मोटारसायकल घसरली. डोक्याची मागची बाजू रस्त्यावर आपटली. आठ दिवस दवाखान्यात. घरी आल्यावर मनुबाईनं चहा दिला आणि तो चहा नव्हता, रंगवलेलं गरम गोड पाणी होतं. डॉक्टरांनी त्यांना एकट्यालाच गाठून सांगितलं होतं की नाकातून मेंदूकडं जाणारे बारीक धागे तुटलेत, जुळले तर जुळतील, नाही तर नाही. भरमांनी 'बरं' म्हटलं आणि कुणालाही सांगितलं नाही. का सांगितलं नाही? पुष्कळदा त्यांनी स्वतःला विचारलं होतं. पाय मोडला असता तर सांगितलं असतं. पण नाक म्हणजे ते स्वतःच होते. मी गेलो, हे माणूस कुणाला कसं सांगणार?

आठ महिने त्यांनी वखारीत डोळ्यांनी आणि बोटांनी निभावलं. पान चुरताना कसं वाजतं, किती चिकटतं, शिरेचा रंग कसा आहे, यावरून ठोकून देत. वर वाफ सोडायचं आणि हुंगायचं सोंग. त्या सोंगाचीच त्यांना सर्वांत जास्त शरम वाटे. आणि एके दिवशी त्यांनी चांगला म्हणून घेतलेला माल बायका चाळायला बसल्या, तर आतून सगळा बुरसलेला. बायकांनी नाकाला पदर लावले. माल नेमका त्यांच्या बहिणीच्या सासरचा होता. अण्णांनी नुसतं बघितलं. पुढच्या खेपेला भरमांनी मूठ हुंगून 'चांगलं हाय' म्हटल्यावर अण्णा गादीवरून उठले, वाकले, आणि त्यांनी स्वतः हुंगून बघितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. त्याच संध्याकाळी भरमांनी गुडघ्याचं निमित्त सांगितलं आणि वखार सोडली. अण्णा "बरं" म्हणाले. एवढंच.

"आप्पा, तुम्ही रडूलालाय काय?" माधवी पुढं वाकून म्हणाली.

"फेस गेला डोळ्यात," असं म्हणून ते उठलेच. पाणी घेतो म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. मनुबाई पाठमोरी भाकरी थापत होती. त्यांनी कट्ट्यावरचा मिसळणाचा डबा उघडला. जिरं नाकाशी नेलं: काही नाही. मोहरी: काही नाही. धने चुरून बघितले: काही नाही.  खेळच होता तर. मग कोपऱ्यातली हिंगाची डबी दिसली. तिचं झाकण घट्ट होतं, नखानं उचकटलं, आणि नाक आत खुपसलं. आणि ते आलं. चांगलं नव्हे, वाईट. सुईसारखं बारीक, वेडंवाकडं, धड हिंगासारखंही नव्हे, जळलेल्या रबरासारखं. पण आलं. त्यांनी डबी दूर नेली, गेलं. जवळ आणली, आलं. पुन्हा दूर, पुन्हा जवळ. आठवण अशी हाताच्या अंतरानं येत-जात नाही. त्यांच्या घशातून कसलासा आवाज निघाला.

भाकरी थापायचा आवाज थांबला होता. मनुबाई पिठाचे हात तसेच धरून त्यांच्याकडं बघत होती.

"आलं?" तिनं विचारलं.

काय आलं, असं तिनं विचारलं नाही. ते डबी हातात धरून तसेच उभे राहिले.

"तुला... तुला ठावं हुतं?"

"तर वो," ती म्हणाली. "दवाखान्यातनं आल्यावर म्हैन्याभरात कळलं मला. दूध उतू जाऊन करपलं, भांडं काळं झालं, शेजारची शांताक्का पळत आली वास कसला म्हणून, आन् तुमी तिथंच पेपर वाचत बसलेला. मग मी मुद्दाम बघितलं. एकदा आमटी बिनफोडणीची वाढली. 'लई झ्याक' म्हणालासा. पोळी जाळून वाढली. 'लई झ्याक'. रोज आपलं 'लई झ्याक'." तिनं डोळे मनगटानं पुसले, पीठ गालाला लागलं. "गॅस चालू ऱ्हाईल म्हणून तुमास्नी घरात एकटं सोडून मी कुठं गेलोय काय तीन वर्सात? बहिणीच्या नातवाच्या बारशालाबी न्हाय गेलो."

त्यांना ते आठवलं. बारशाला का जात नाहीस, म्हणून ते तिच्यावर खेकसले होते. "मग बोललीस का न्हाईस?"

"तुमी बोलंना झालासा. म्या म्हटलं, तुमी लपवून ठेवलंय ते म्या कशाला उघडं करू?"

ते हसायला लागले. का, ते त्यांना कळलं नाही. तीन वर्षं एका घरात दोन माणसं एकाच गोष्टीवर दोन बाजूंनी पांघरूण धरून उभी होती, आणि मध्ये दोघंही गारठली होती. मनुबाईही हसायला लागली, मग रडायला, मग तवा जळतोय म्हणून तिनं गॅस बारीक केला आणि म्हणाली, "करपलं बगा. येतंय?" त्यांनी वाकून हुंगलं. "न्हाय." आणि हे 'न्हाय' म्हणताना इतकं हलकं वाटलं की ते त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं, "हे न्हाय येत, मने."

मग बाहेर येऊन त्यांनी सगळं सांगितलं. घाट, धागे, सोंग, बुरसलेला माल, सगळं. माधवी मध्येच उठून त्यांच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली. सौरव हातातली दुसरी बाटली उघडायची विसरून ऐकत राहिला. आणि मग एकदम, एखादं यंत्र पहिल्यांदा चालू करताना येतो तसा उत्साह त्याला आला. तो घरभर फिरून वस्तू आणू लागला. भरमांनी डोळे मिटायचे आणि सांगायचं. उदबत्ती: नाही. लिंबाची साल: थोडं, लांबून. कॉफी: नाही. माधवीचं अत्तर: नाही, आणि ती खट्टू झाली. कपाटातल्या डांबरगोळ्या: व्हय, लगेच. जर्मनीहून बाटल्या गुंडाळून आणलेले ते लोकरीचे मोजे: "हे काय हाय? मेलेलं मांजर?" सगळे इतके हसले की खालच्या मजल्यावरच्या वृषभनं जिन्यातून हाक मारून विचारलं, काय होऊलालंय म्हणून. प्रत्येक वेळी भरमा खरं तेच सांगत होते, नाही ते नाही, आणि प्रत्येक नाहीला आतली ती काच थोडी थोडी खाली सरकत होती. मधूनमधून ते ग्लासकडं परत येत. सौरवनं दुसरी बाटली ओतली, पुन्हा तशीच, थांबत थांबत. कडूपणा हॉप नावाच्या वेलीच्या फुलांचा, तो सांगत होता. तिकडं ती उंच तारांवर चढवतात, फुलं पिकली की उतरवून गरम हवेवर वाळवतात, वाळवताना चुकलं तर सगळं वाया. "वाळवताना?" भरमांनी विचारलं. "किती दिवस? वरून आच, का खालून?" सौरवला ते ठाऊक नव्हतं. भरमांना मात्र सातासमुद्रापलीकडं कुठल्यातरी शेडमध्ये मूठभर फुलं तळहातावर चुरून नाकाशी नेणारा एक माणूस स्पष्ट दिसला. त्याचं नाव त्यांना कधी कळणार नव्हतं. त्या माणसानं बरोबर ओळखलं होतं. वाळवणीत कुठं चूक नव्हती.

"आई, तूबी घे एक घोट," माधवी म्हणाली. मनुबाईनं दाराकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, मग पदर सावरून नवऱ्याच्या ग्लासातला एक घोट घेतला. तिचं तोंड वाकडं झालं. "आगं बया! कारल्याचं पाणी हाय नुसतं. ह्याच्यापायी मानसं जर्मनीला जात्यात?" आणि थोड्या वेळानं कुणी बघत नाही असं बघून तिनं आणखी एक घोट घेतला. भरमांनी मात्र ते बघितलं.

जेवणं झाल्यावर त्यांनी गच्चीत जाऊन धनपालअण्णांना फोन लावला. दोन वर्षांत सणासुदीच्या नमस्कारापलीकडं बोलणं नव्हतं. ते म्हणाले, "अण्णा, त्या बुरसलेल्या मालाचं सांगायचं हुतं," आणि एका दमात सांगून टाकलं. 

"भरमा," अण्णांचा आवाज बसला होता. "मला वाटलं, पाव्हण्याचा माल म्हणून तू डोळे झाकलास. दोन वर्सं मी तेच धरून बसलो रं. तीस वर्सांचा माणूस, आन् मी एकदाबी तोंडानं इचारलं न्हाय."

"मीबी सांगितलं न्हाय की."

"आता येतंय काय वास?"

"सगळा न्हाय. थोडाच. तोबी वाकडातिकडा."

"तू ये. नुसता येऊन बस. वखारीतल्या पोरी सारख्या इचारत्यात, नाक कुठं गेलं म्हणून." मग त्यांनी विचारलं, "पन आला कशानं?"

भरमांनी कठड्यावर हात ठेवला. अण्णांशी आता खोटं बोलायचं नव्हतं. "बीअरनं," ते म्हणाले. "जर्मन."

 मग अण्णा हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग ठसका लागेपर्यंत. "आमच्यात चालत न्हाय रं," ते कसंबसं म्हणाले, "न्हायतर बाटलीला हार घातला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या निपाणी बसमध्ये भरमांनी खिडकी धरली. एरवी ते मनुबाईला खिडकी देत. काकती गेली, हत्तरगी गेली. थंड वारा तोंडावर येत होता, त्यात काही येई, काही नुसताच वारा. मनुबाई दर दोन-चार मैलांनी कोपरानं ढोसून विचारी, "आता?" आणि ते सांगत. डिझेल, थोडं. मेंढरं, नाही. कुठंतरी जाळलेलं पाचट, व्हय, चांगलंच. संकेश्वर जवळ आलं तसा साखर कारखान्याच्या मळीचा वास बसमध्ये शिरला असावा, कारण पुढच्या बाकावरच्या बायकांनी एकदम पदर नाकाला लावले, एका पोरानं 'शीऽ' केलं, खिडक्या खडाखड बंद होऊ लागल्या. भरमांना तो क्षणभर उशिरा आला. जड, आंबूस, गूळ सडल्यासारखा, ओळखीचा, पूर्ण. तुकडा नव्हे, अख्खाच्या अख्खा. त्यांनी खिडकी आणखी उघडली आणि डोकं बाहेर काढलं, तोंड उघडं टाकून, डोळे मिटून.

"ओ अज्जा! तली वळग तगोरी!" डोकं आत घ्या म्हणून कंडक्टर मागून कन्नडमध्ये ओरडला. मनुबाईनं सदरा धरून त्यांना आत ओढलं. बसमधली सगळी माणसं नाक धरून ह्या म्हाताऱ्याकडं बघत होती. त्याचे केस उभे राहिले होते आणि त्याचं हसू आवरत नव्हतं.

"मळीला कोन एवढं हसतंय काय?" ती म्हणाली.  सकाळी लेकीकडं न्हाऊन, इमारतीच्या बागेतली दोन शेवंतीची फुलं अंबाड्यात खोवून ती निघाली होती. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच, पुढच्या बाकाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं, "आन् माझा?"

ते तिच्याकडं झुकले. अगदी जवळ, भर बसमध्ये, लोक बघत असताना. शेवंतीच्या पाकळ्या नाकाला लागल्या. त्यांनी पुष्कळ वेळ श्वास ओढून धरला.

"न्हाय आला आजून," ते म्हणाले.

ह्या खेपेला 'लई झ्याक' नव्हतं. मनुबाईचा चेहरा उजळला. तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला आणि त्यांच्या हातावर आपला हात ठेवून, पुढं रस्त्याकडं बघत म्हणाली, "मी हाय की हितंच. बगा सावकाश."